आईचा पाला

माझी आई बांधावरचा पाला ठेचून जखमेवर बांधायची. माझ्या नातीनं, अंतरानं, कर्जतच्या कॉलेजात त्याच पाल्याचा अर्क उंदरांच्या जखमांवर लावून पाहिला. “आजी, भराभर मिटतायत गं,” ती म्हणाली, म्हणून डॉक्टरांना न विचारता मी यांच्या तळपायाच्या जखमेवर पाला बांधू लागले. यांना जुना मधुमेह, तरी जखम मिटली. आज अंतरा पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाली, “वरून कातडी धरली, आत सगळा पू होता. उंदीर दगावले.” तेव्हा मला आठवलं, जखम तळातून भरावी म्हणून आई पाल्याखाली चिंधीची वात ठेवायची. मी ती ठेवली नव्हती, अंतरालाही सांगितली नव्हती. “माझा पाय तुझ्या उंदरांपेक्षा नशीबवान,” हे ओटीवरून नातीला चिडवत होते. मी वाकून तळव्यावर अंगठा दाबला. कातडी गरम होती. “दुखतंय का हो?” “अगं, आधी दाब तरी.”