सहा मिलिमीटर

थर्माकोल फाटल्याचा कर्रकन आवाज झाला आणि ट्राम सलूनच्या पायरीपाशी थांबली.

माणूस चालतो त्याच वेगाने ती येत होती. तिच्या दोन्ही अंगांना थर्माकोलच्या फळ्या चिकटवल्या होत्या. नियमाने जेवढी जागा मोकळी हवी, तेवढ्याच रुंद. फळी कुठेही न घासता गाडी पुढे गेली, तर मार्ग पास. आत प्रवासी नव्हते. प्रत्येक सीटवर माणसाच्या वजनाचं एकेक वाळूचं पोतं बसवलं होतं.

गाडीशेजारून चालणारा तपासनीस खाली वाकला. त्याने पायरीच्या कडेला फूटपट्टी लावली, आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"सहा मिलिमीटर बाहेर आहे."

"सहा?" सलूनवाला दारातून म्हणाला. "म्हणजे केस कापायच्या मशीनचा दोन नंबर. साहेब, एवढे केस चिमटीतसुद्धा येत नाहीत."

"मागच्या महिन्यात मोजलं तेव्हा ही पायरी आत होती."

सलूनवाल्याने मान खाली घातली. गेल्या आठवड्यात तारीख जाहीर झाली होती: येत्या सोमवारी पहिला टप्पा सुरू. त्याच संध्याकाळी त्याने खचलेल्या पायरीवर काळा ग्रॅनाइट बसवला होता. स्वतःच्या हाताने, कडेला पुढे आलेलं गोल नाक काढून.

"उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग," आतून आवाज आला.

आत खुर्चीवर, गळ्याभोवती पांढरं कापड बांधून, त्याचे सासरे बसले होते. डोक्यावर औषधालाही केस नव्हता. ट्रामच्या कामामुळे चार वर्षं दुकानासमोर पत्र्यांची भिंत होती. रिकाम्या सलूनमध्ये कोणी पाय ठेवत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पत्र्याच्या फटीतून डोकावणाऱ्याला एक तरी गिऱ्हाईक दिसावं, यासाठी ते रोज दुपारी येऊन बसत. पत्रे निघून आठवडा झाला होता, तरी त्यांचं बसणं काही सुटलं नव्हतं.

"मामा, तुम्ही जरा गप्प बसा."

"गप्पच बसलोय. चार वर्षं." सासऱ्यांनी ट्रामच्या खिडक्यांकडे हनुवटी केली. "त्या पोत्यांसारखा."

सलूनवाला तपासनिसाकडे वळला. "मग आता?"

"घासलं म्हणजे घासलं. आज अहवाल द्यायचाय. सोमवारी गाडी मागच्या थांब्यापर्यंतच येईल आणि तिथूनच परत फिरेल. तुमचा थांबा दुसऱ्या टप्प्यात."

"दुसरा टप्पा कधी?"

"पहिला कधी होणार होता?" तपासनीस म्हणाला.

सलूनवाल्याने पुढे बघितलं. पंधरा पावलांवर थांबा होता. छप्पर झालं होतं, दिवे लागले होते. बाकावरचं प्लास्टिक अजून कोणी काढलं नव्हतं.

"साहेब, दहा मिनिटं द्या."

"दहा मिनिटांत पायरी पाडणार?"

"पायरी कशाला? दोन नंबर मारतो."

तपासनिसाने घड्याळ पाहिलं, मग ड्रायव्हरकडे. ड्रायव्हरने गाडी पाच मीटर मागे घेतली.

फरशी बसवताना आणलेली छिन्नी अजून बेसिनखालीच पडली होती. सलूनवाला पायरीसमोर गुडघ्यांवर बसला. वीस वर्षांत कोणाच्या कानाला न लागलेल्या हाताने त्याने पहिला घाव घातला. चकचकीत नाकाचा एक टवका उडून रुळापाशी पडला. मग दुसरा. मग हात बसला.

"कल्ले सारखे ठेवा हो, जावईबापू!" सासरे खुर्चीतून ओरडले.

तपासनीस हसला. आल्यापासून पहिल्यांदाच.

पूर्ण नाक गेलं. कड ओबडधोबड झाली, पण सरळ होती. गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकायचा मऊ ब्रश आणून सलूनवाल्याने तिच्यावरून दोनदा फिरवला. तपासनिसाने नवी फळी चिकटवली, फूटपट्टी लावून तपासली आणि हात वर केला.

ट्राम निघाली. फळी पायरीच्या टोकाशी आली, पायरीच्या बरोबरीने सरकू लागली. आवाज नाही. मध्यावर तपासनिसाने गाडी थांबवली आणि तो फूटपट्टी काढायला लागला. त्याआधीच सलूनवाल्याने खिशातला कंगवा फटीत उभा घातला. कंगवा या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही न अडकता गेला.

तपासनिसाने तरीही मोजलंच. तीन ठिकाणी. मग कागदावर खूण केली आणि पुढे चालू लागला.

ट्राम वळण घेऊन थांब्यावर उभी राहिली. दारं उघडली. कोणी उतरलं नाही, कोणी चढलं नाही. पोती आपापल्या जागी बसून होती. थोड्या वेळाने दारं मिटली.

सासऱ्यांनी मानेमागची गाठ सोडली. कापड दारात नेऊन झटकलं, त्यावर एक केस नसताना. नीट घडी घातली आणि खुर्चीच्या हातावर ठेवली.

"आता उतावळं कोण, मामा?" सलूनवाला म्हणाला. "गाडी सोमवारी सुरू होणार आहे."

"होऊ दे की." त्यांनी खुर्ची फिरवून तिचं तोंड दाराकडे केलं आणि कोपऱ्यातलं स्टूल ओढून घेतलं. "मी कशाला जागा अडवून बसू?"