गादीवाले

अध्यक्षांनी बूट काढले, नव्या गादीवर आडवे झाले आणि डोळे मिटले. समितीतली माणसं हातात चहाचे कप घेऊन उभी राहिली. त्यांना हे नवीन नव्हतं. राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाची कुठलीही सरावशाळा सुरू व्हायच्या आधी अध्यक्ष तिथल्या गाद्यांवर असे पडून बघत.

"इथे या आडव्या बारखाली अजून एक थर घाला," ते डोळे न उघडताच म्हणाले.

"साहेब, याहून चांगली गादी बाजारात नाही," सचिव म्हणाले.

"नसेल. पण पाठीला जमीन कळतेय."

थर घातला गेला.

अध्यक्षांचा मूळ धंदा गाद्यांचाच. वडील कापूस पिंजून गाद्या भरायचे. यांनी फोमचा कारखाना काढला आणि हॉटेलं, वसतिगृहं, इस्पितळं यांना झोप पुरवली. स्वतः आयुष्यात साधी कोलांटउडी मारली नव्हती. महासंघाच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा विरोधक म्हणाले, "गादीवाल्याला आता गादी हवीय." निवडून आले तेव्हा म्हणाले, "आता गादीवाला काही गादी सोडायचा नाही." हा विनोद अध्यक्ष पुढे स्वतःच भाषणात सांगत, आणि लोकांच्या आधी हसत. मात्र स्वतःच्या कारखान्याची एक उशीसुद्धा त्यांनी महासंघात येऊ दिली नाही. पुढे कारखानाही पुतण्याच्या हाती दिला.

ते या भानगडीत का पडले, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलीमुळे.

घरात तिला भिंगरी म्हणत. चालायला शिकली तीच गिरक्या घेत. बारा-तेरा वर्षांची झाली तोवर तिचं नाव देशाच्या संघासाठी घेतलं जाऊ लागलं. दुपार झाली की वडील कारखाना सोडून सरावशाळेत येऊन बसायचे. समोरच्या बाकावर, हात मांडीवर ठेवून. ती हवेत गेली की त्यांचा चेहरा असा उजळायचा की बाकीच्या मुली तिला चिडवायच्या, "तुझ्यापेक्षा तुझे बाबाच जास्त उडतात."

निवडचाचणीच्या दिवशी ती दोन आडव्या बारांपैकी वरच्या बारवर दोनदा सुरेख फिरली. तिसऱ्या फेरीला हातात बार नव्हता. ती पातळ गादीच्या कडेवर आदळून फरशीवर गेली. खुबा मोडला. पाय पुढे कायमचा थोडा आखूड राहिला.

"हात कोरडे होते हो तिचे," प्रशिक्षक पुन्हा पुन्हा म्हणत होते. "पूड लावली होती. घसरायला नको होते."

"गादी पातळ होती," वडील म्हणाले. त्यांना तेवढंच दिसलं होतं.

इस्पितळात ते तिच्या उशाशी बसून राहिले. ती गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं, मूठ गालाखाली. झोप हा त्यांचा धंदा. कुठली झोप कसली ते त्यांना कळायचं. असं झोपलेलं त्यांनी तिला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

"औषधाचा गुण," ते बायकोला म्हणाले.

"असेल," ती म्हणाली, आणि मुलीचं पांघरूण सारखं केलं.

पुढची सगळी वर्षं त्यांनी महासंघाला दिली. आधी सदस्य, मग उपाध्यक्ष, मग अध्यक्ष. गादीची जाडी किती हवी याचा नियम केला. डॉक्टर हजर नसेल तर स्पर्धा बंद. जुन्या, धोक्याच्या सरावशाळांना कुलपं लावली. त्यापायी शत्रू केले. इजा कमी झाल्या. पदकंही हळूहळू येऊ लागली.

दुपारी जेवून लवंडले की त्यांना एक स्वप्न पडायचं. भिंगरी बारवरून सुटायची आणि सावरीच्या कापसासारखी तरंगत खाली यायची. खाली गादी, तिच्याखाली गादी, त्याहीखाली गादी. जमीन कुठेच नाही. ती हसत असायची. ती खाली पोचण्याआधीच त्यांना जाग यायची, आणि सगळी दुपार कशी हलकी जायची.

मुलीने पुढे रोपवाटिका काढली. किंचित लंगडत, गुणगुणत ती दिवसभर वाफ्यांतून फिरायची. सरावशाळेत मात्र कधी आली नाही. "येईन की बाबा, कधीतरी," म्हणायची.

अध्यक्षांचा निरोपसमारंभ नव्या सरावशाळेतच ठेवला होता. त्याला मात्र ती आली. सात वर्षांच्या लेकीला घेऊन.

भाषणं झाली, हार झाले, माणसं पांगली. उंच खिडक्यांतून उन्हं तिरपी आत आली होती आणि त्यांत पांढरी पूड अजून तरंगत होती. तिघंच उरली. अध्यक्ष बारखालच्या गादीवर बसले आणि त्यांनी शेजारी थोपटलं.

"बस. बघ, जमीन कळते का?"

ती आखूड पाय पसरून बसली. "नाही कळत."

"इतकी वर्षं लागली याला," ते म्हणाले. मग नातीला जवळ घेतलं. "सोमवारपासून तू यायचंस इथे. मी समोर बसेन. रोज. येशील ना?"

नातीने मान वर करून बारकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आजोबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा उजळला होता.

"हो आजोबा," ती हळूच म्हणाली.

तो होकार ऐकून तिच्या आईने तिला स्वतःकडे ओढून घेतलं.

"नको, बाबा."

"अगं, घाबरतेस कशाला? तेव्हा तुझा हात सुटला आणि खाली काही नव्हतं. आता बघ ना, सगळं आहे."

ती थोडा वेळ गादीवरून तळवा फिरवत राहिली.

"सुटला नव्हता, बाबा," ती म्हणाली. "मी सोडला."