आठवं नाव

अगं, नुसतं ऐक! परवाच्या भाषणाला बहिऱ्यांसाठी पडद्यावर शब्द मी टाइप करत होते. नियम एकच, हेडफोनमध्ये येईल ते जसंच्या तसं उमटवायचं. वक्त्या ताई गटारात गुदमरून मेलेल्या सात कामगारांची नावं वाचून पाणी प्यायला थांबल्या. समोर एक बहिऱ्या मावशी बसलेल्या. त्यांचा मुलगाही त्याच गटारात उतरला होता, पण ठेकेदार म्हणतो, पळून गेला. दार वाजवलेलं कळणार नाही, म्हणून मावशी अजून कडी लावत नाहीत. तेवढ्यात कानात खोल, ओला आवाज आला, “आई, मी पळालो नाही गं. खालीच आहे.” ताई तर पाणीच पीत होत्या! आवाज पुन्हा म्हणाला, “टाइप कर ना, तिला ऐकू येत नाही.” मावशी पडद्याकडे टक लावून बघत होत्या. माझं बोट पहिल्या अक्षरावर होतं. खरं सांग, तू लिहिलं असतंस?