काचेची पेटी

गावाने मिळून घेतलेल्या शेताचे पाच बिनपगारी विश्वस्त अवजारांच्या खोलीत बसले होते. मधमाश्यांच्या एका पेटीला रोग लागला होता. ती जाळली नाही, तर बाकीच्याही जाणार होत्या. सगळ्यांचे हात वर झाल्याशिवाय इथे काहीच ठरत नसे. चार हात वर झाले; गुरुजींचा मात्र मांडीवरच राहिला. ती पेटी त्यांच्या बायकोने बनवली होती, एका बाजूला काच बसवून, मुलांना आतला संसार दिसावा म्हणून. ती वारल्यावर गुरुजीच तो दाखवत. “वर्गात आम्ही इतका वेळ लावला असता तर कान उपटले असते तुम्ही,” विश्वस्तांपैकीच एक, त्यांचा जुना विद्यार्थी, म्हणाला. “काका, यावर औषध नाही हो,” मधमाश्या सांभाळणारी विश्वस्त पुटपुटली. “माहीत आहे पोरी.” गुरुजींनी हात वर केला. “पण पेटी मीच पेटवणार. परक्याचा हात नको.”