वरच्या फळीवरची पेटी

एलियाने पेटी वरच्या फळीवर सरकवली आणि हात पँटला पुसले.

"आणलं पोरीला," तो म्हणाला.

लुइका पलंगावर बसून फुलं ओवत होती. तिने मान वर केली नाही. "जाऊ नकोस म्हटलं होतं तुला. तुझं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?"

"मग काय तिला तिथे लाव्हाखाली गाडली जाऊ द्यायचं होतं?"

दोऱ्याला गाठ मारून लुइकाने माळ पुरी केली.

गावाच्या वरच्या अंगाला जमीन फाटली होती आणि लाव्हा सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखा, खाली निघाला होता. गाव रिकामं झालं. ज्यांना नातेवाईक होते ते नातेवाईकांकडे गेले. बाकीच्यांना डोंगरमाथ्यावर, राष्ट्रीय उद्यानातल्या पर्यटकांच्या लाकडी खोपट्यांत जागा मिळाली. एक पलंग, त्याच्या वर भिंतीला निजायच्या दोन फळ्या, एक दिवा. आत चूल पेटवायची नाही, संडासाला निलगिरीच्या झाडांतून पलीकडे जायचं. थंडी अशी की दात वाजावेत. आणि समोर, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, ज्वालामुखीचा मोठा खड्डा धुमसत होता. सुट्टीत लोक हौसेने येऊन राहतात अशा जागी हे दोघं घर जळायची वाट बघत बसले होते.

हीनानो त्यांची एकुलती एक. शाळेत जायच्या वयात तापाने गेली. तिला अंगणातच, नीरफणसाखाली पुरलं होतं. लुइकाची आई तेव्हा म्हणाली होती, "आपण पेलेच्या घराण्यातली माणसं. पोरीची हाडं खड्ड्यात दे, आजीकडे जाईल." पेले ही ज्वालामुखीची देवी; तिला त्या घरात आजीच म्हणत. एलिया चर्चमधला मानाचा माणूस. त्याने सासूला दाराबाहेर काढलं होतं. "माझी पोरगी आगीत जाणार नाही," एवढंच तो म्हणाला, आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

गाव सोडायच्या दिवशी तो कोंबड्या आणि गाद्या घेऊन पुढे आला. लुइका घर झाडायला मागे राहिली. लाव्हा येणार असला की तिच्या माणसांत घर झाडतात, टेबलावर फुलं ठेवतात, मगच दार ओढून घेतात.

"तुझी आजी घर जाळायला येतेय, जेवायला नाही," एलियाने तिला चिडवलं होतं.

"जाळलं तरी घरचीच आहे ती."

संध्याकाळी भावाच्या गाडीतून ती वर आली तेव्हा तिच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते.

"एवढं काय झाडत होतीस?"

"घर मोठं आहे," लुइका म्हणाली.

घर दोन खोल्यांचं होतं. पण बाईमाणसाचा जीव घरात अडकलेला असतो, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो पोलिसांची नजर चुकवून खाली गेला. येताना केवड्याच्या पातीची ती पेटी घेऊन आला, दोरीने घट्ट बांधलेली.

पेटीत दगड होते.

नीरफणसाखाली त्याने फावडं मारलं होतं. पहिल्याच घावाला ते दांड्यापर्यंत आत गेलं. पावसाने माती लोण्यासारखी झाली असणार. एवढ्या मऊ मातीतून आता काय वर येईल, या विचाराने त्याने फावडं टाकून दिलं. तो झाडाला धरून रडला, मग कडेचे दगड वेचून पेटीत भरले आणि परत फिरला. आपल्यासारखा नादान बाप नाही, असं त्याला वाटेभर वाटत राहिलं.

आता त्याला एकच धास्ती होती. लुइकाने पेटी उघडली तर?

ती उघडेना. हातही लावेना. रोज माळ करायची, पण पेटीवर वाहायची नाही. बाहेर जाऊन खड्ड्याकडच्या खांबाला बांधायची आणि तिथे उभी राहून काहीतरी पुटपुटायची. घर वाचव म्हणून आजीला विनवत असेल, असं एलियाला वाटायचं. एरवी तो तिला हसला असता. आता तोही मनातल्या मनात आमेन म्हणू लागला.

एका सकाळी खालच्या आळीतला उचिमा धापा टाकत आला.

"एलियादादा, लाव्हा वळला. तुझ्या कुंपणाला टेकला आणि वळून समुद्राकडे गेला. घर उभं आहे तुझं. झाडाचं पानसुद्धा करपलं नाही. तुझ्या बायकोच्या झाडण्याला मानलं बाबा आपण."

उचिमा दुसऱ्या खोपट्याकडे गेला. एलिया पलंगावर बसला. आजवर कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"लुइका, त्या पेटीत दगड आहेत. पावसाने माती मऊ झाली होती, तरी माझ्याने खणवलं नाही. पण बरंच झालं की नाही? ती तिथेच आहे, झाडाखाली. घर आहे, झाड आहे, पोरगी आहे. आपलं काहीसुद्धा गेलं नाही." तो हसत होता आणि डोळे पुसत होता.

लुइकाच्या हातातली माळ अर्धीच राहिली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"मला वाटलं, घर जाणारच," ती म्हणाली. "सगळेच तसं म्हणत होते."

"म्हणू दे ना. आता चल, आवरून घे."

"पेटीत दगड आहेत हे मला ठाऊक होतं, एलिया. ती माती पावसाने मऊ नव्हती झाली."

तिने फोड सुकलेले तळहात त्याच्यापुढे धरले. मग उठून बाहेर गेली, अर्धी माळ खड्ड्याकडच्या खांबाला बांधली आणि रोजच्यासारखी खड्ड्याच्या दिशेने हळूच हाक मारली, "हीनानो."