दुसऱ्या सत्रातला वेग

“मागचं विंग फार उभं ठेवलंय,” दातांचा डॉक्टर टीव्हीवरच्या शर्यतीच्या गाडीकडे बोट दाखवत म्हणाला. “सरळ रस्त्यावर गाडी पळणार कशी?”

“विंगचं नाही हो ते,” सून म्हणाली. “पुढचे टायर तापतच नाहीयेत. बघा ना, प्रत्येक वळणावर गाडीचं नाक बाहेर जातंय.”

दोघांची अशी नेहमीच जुंपायची. डॉक्टर वरच्या मजल्यावर राहायचा आणि शर्यतीच्या दिवसांत दवाखान्याला कुलूप लावून खाली या सासरे-सुनेकडे यायचा. पेशंटच्या दाढेपेक्षा त्याला या टीमच्या टायरची काळजी जास्त. सून शाळेत गणित शिकवायची. लग्नाआधी तिला शर्यतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. सासऱ्यांनी तिला नादी लावलं, आणि आता सुट्टीच्या दिवशी तिच्या नवऱ्याला रिमोट म्हणून मिळत नव्हता.

सासरे मात्र आज गप्प होते. उभा जन्म बस चालवण्यात गेलेला माणूस. ते पडद्यावरच्या गाडीकडे एकटक बघत होते.

“विंग-टायरचा सेटअप काय घेऊन बसलात,” ते शेवटी म्हणाले. “गाडीत काही खोट नाही. पोरगा चाचपडतोय.”

पोरगा म्हणजे गाडीतला ड्रायव्हर. तो लहान गाड्यांच्या शर्यतीत शेवटून पहिला यायचा, तेव्हापासून या तिघांचा लाडका. नात्याचा ना गोत्याचा, पण त्याचं नाव निघालं की घरच्याच माणसाबद्दल बोलल्यासारखं बोलायचे. मागच्या शर्यतीत त्याची गाडी भिंतीवर आदळली होती आणि डोक्याला मार बसला होता. तो तपासणीत पास झाला, पण टीमने राखीव ड्रायव्हर तयार ठेवला. आजच्या सरावाच्या दुसऱ्या सत्रात वेग दिसला नाही, तर उद्या त्याच्या जागी दुसरा बसणार होता. या धंद्यात एकदा गेलेली जागा परत मिळत नाही. तिघांचा जीव टांगणीला लागला होता, आणि पोरगा वेळांच्या यादीत पार तळाला होता.

सासऱ्यांना राहवेना. ते खुर्चीच्या कडेला सरकले, उजवा पाय फरशीवर रोवला आणि नव्या ड्रायव्हरला शिकवावं तसं बोलू लागले.

“आता ब्रेक. उजवीकडे घे. अजून थोडं. हां, पुरे. दाब आता.”

गाडी वळणातून सुतासारखी सरळ बाहेर आली.

“उताराला घाबरू नकोस. खाली गेलं की लगेच डावं वळण आहे. आत्ता घे.”

त्या फेरीत वेळ चांगलीच सुधारली. सून हसली. “बाबा, गाडीत तुम्हालाच बसवायला हवं होतं.”

मग तीही बोलू लागली. कडेच्या पट्ट्यावर चढू नकोस म्हणाली, तर गाडी आत सरकली. मागून एक जोरात येतोय, जाऊ दे त्याला, असं डॉक्टर म्हणाला, तर गाडी बाजूला झाली. आता विंग नको, टायर नको, तिघांची तोंडं नुसती चालू होती. पोरगा दहावा झाला, मग सहावा, मग चौथा. समालोचक म्हणत होता की टीमला अखेर सेटअप सापडलेला दिसतोय. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“गंमत बघा,” डॉक्टर म्हणाला. “आधी आपण बोलतो, मग तो करतो.”

सुनेने पदराची गाठ मुठीत धरली आणि पडद्याकडे बघून अगदी हळू म्हणाली, “पोरा, ऐकू येत असेल तर डावा हात वर कर.”

पडद्यावर तेव्हा गाडीवरच्या कॅमेऱ्याचं दृश्य होतं. गाडी सरळ रस्त्यावर होती. हातमोजा घातलेला डावा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि वर गेला.

“कुणाला हात दाखवतोय हा?” समालोचक म्हणाला. “समोरचं स्टँड तर रिकामं आहे.”

डॉक्टरने पाय वर घेतले, जणू फरशी गार पडली होती.

“चुकून डाव्याच्या जागी उजवं म्हणालो असतो तर?” सासरे म्हणाले. “बसमध्ये निदान ब्रेक माझ्या पायाखाली होता गं.”

“मग बोलायचंच नाही,” सून म्हणाली. “एक शब्दही नको. त्याची गाडी तो चालवेल. त्याचं कामच आहे ते.”

ते सगळ्यांनाच पटलं. आपल्या बडबडीने पोराचा जीव जायला नको. सासऱ्यांनी ओठ घट्ट मिटले. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणाऱ्या डॉक्टरने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. गाडी पूर्ण वेगात उताराकडे निघाली होती आणि एकदा उगाचच डावीकडे हेलकावली. टीम आणि ड्रायव्हरचं रेडिओवरचं बोलणं टीव्हीवर ऐकू येऊ लागलं.

“काय झालं?” इंजिनिअर विचारत होता. “गाडी हलतेय का? ब्रेकचा त्रास आहे?”

“गाडी छान आहे,” पोरगा म्हणाला. त्याचा आवाज शांत होता आणि अगदी खोलीतूनच आल्यासारखा वाटला. “पण ते गप्प का झाले?”

“कोण गप्प झालं? आम्ही बोलतोय की.”

“तुम्ही नाही, ते तिघं. त्यांना सांगा ना, बोलत राहा म्हणावं. सकाळपासून मला काहीच दिसत नाहीये.”