उजव्या पायाचा मोजा

पाळकसाहेब गुडघ्यांवर पुढच्या खुर्चीकडे सरकले, तसा शालूबाईंनी उजवा पाय आपल्या खुर्चीखाली ओढून घेतला. मध्ये दोघंतिघं उरले होते. मग त्यांचीच पाळी.

ख्रिस्ती देवळात पवित्र गुरुवारची उपासना चालली होती. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून दरवर्षी मंडळीतल्या बारा जणांचे पाय पाळकसाहेब धुतात. यंदा बारांत शालूबाईंचं नाव आलं. मोठा मान. त्यांनी फोन करकरून निम्म्या कोल्हापूरला कळवलं आणि काठापदराची साडी इस्त्रीला टाकली. पायाची आठवण झाली ती त्यानंतर. पण आता नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, आणि शालूबाईंना माघार घेताना मंडळीतल्या कुणी अजून बघितलं नव्हतं. मग त्यांनी ठरवलं, डावा पाय पुढं करायचा. मागच्या वर्षी साहेबांनी एकेकच पाय धुतला होता.

यंदा साहेब दोन्ही धूत होते.

मोज्याच्या आत करंगळीशेजारचं बोट काळं पडलं होतं. बोटाला हळद आणि चिंधी, चिंधीवर पावडर, वरून मोजा. एवढ्या उकाड्यात मोजा कशाला, असं एकीनं विचारलं, तर शालूबाईंनी तिला सुनावलं, तुझा नवरा टकलावर टोपी कशाला घालतो ते आधी विचारून ये. परत कुणी विचारलं नाही. पण वास पावडरीला जुमानेनासा झाला होता.

त्यांच्या मालकांचं, आकारामांचं, असंच बोटापासून सुरू झालं होतं. तोच साखरेचा आजार, तसलंच काळं बोट. दवाखान्यात दाखवायला म्हणून चालत गेले, ते गुडघ्याखालचा पाय तिथंच ठेवून परत आले, आणि पुढचा नाताळ त्यांनी बघितला नाही. दाखवलं की कापतात, एवढंच शालूबाईंनी त्यातून घेतलं. रोज भिंतीकडं तोंड करून त्या देवाला सांगत, तू बघतोस तेवढं बास, दुसऱ्या कुणाला दाखवू नको.

आणि सुनेला तर नाहीच नाही. क्रांती हातकणंगल्याच्या बौद्ध घरातली, लेकानं आपल्या मनानं केलेली. राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात जखमा धुवायचं काम करायची. परक्यांचा पू पुसलेले हात माझ्या अंगाला लागता कामा नयेत, असं शालूबाईंनी तिला उंबऱ्यातच बजावलं होतं. देवळात आली तेव्हा, बाप्तिस्मा न झालेल्यांनी मागं बसायचं असतं म्हणून शेवटचं बाक दाखवलं. असला नियम कुठंच नव्हता. अलीकडं तर महिला मंडळात नवी तक्रार सुरू होती. सून चहात साखर घालायला हात आखडते, गुळाचा डबासुद्धा फडताळातून नाहीसा केला. सगळ्या बायका हसल्या होत्या.

पलीकडच्या खुर्चीपाशी पाण्याचा आवाज झाला. मघाशी वाचलेला उतारा शालूबाईंच्या कानात घुमत होता. पेत्र म्हणतो, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस. एवढा मोठा शिष्य आणि पाय पुढं करायला लाजतो, असं म्हणून त्या दरवर्षी हसायच्या. आज त्यांनी साडीचा काठ उजव्या पायावर ओढून घेतला.

साहेब समोर आले. पण वाकले नाहीत. ते उठून उभे राहिले, मंडळीकडं पाठ केली आणि आपला पांढरा झगा असा पसरला की बाकांवरून कुणाला काही दिसू नये. हातातला तांब्या त्यांनी बाजूला धरला. शेवटच्या बाकावरून क्रांती चालत आली होती. तिनं तो त्यांच्या हातून घेऊन बाजूला ठेवला, ती खाली बसली आणि पिशवीतून पाण्याची वेगळी बाटली काढली.

"आत्या, पाय द्या," ती म्हणाली. "उजवा."

पाय मागं घ्यायला जागा नव्हती, मागं खुर्चीचा पाय होता. त्यांनी डोळे मिटून घेतले. मोजा निघाला. चिंधी चिकटली होती, ती भिजवून सोडवली गेली. वास सुटला. आता ही नाकाला पदर लावणार, आता चारचौघांत तोंड उघडणार, त्या वाट बघत राहिल्या. पाणी कोमट होतं. काहीच ऐकू येईना म्हणून त्यांनी डोळे उघडले, तर सुनेचं तोंड बोटाच्या अगदी जवळ होतं आणि ती बोटांच्या बेचक्यातून हळू कापूस फिरवत होती.

"कापतील काय गं?" शालूबाईंचा एवढा बारीक आवाज त्या देवळानं कधी ऐकला नव्हता.

"बोट जाईल कदाचित. पाय वाचवायचा तर आजच जायला पायजे. रिक्षा बाहेर थांबवलीया."

"म्हंजे, माझं नाव बारांत..."

"मीच सांगितलं साहेबांस्नी. घरात हात लावू दिला नसता तुम्ही. हितं माघार घ्यायच्या न्हाई, ठावं होतं."

महिला मंडळ ऐकतंय का याची पर्वा न करता शालूबाईंनी विचारलं, "चहातली साखर कवापास्नं कमी केलीस?"

क्रांतीनं पट्टीचं टोक दाबून बसवलं.

"पयल्यांदा मोजा धुवून साडीखाली दडवून वाळत घातलासा की, त्या दिवसापास्नं."